शनिवारची पोटदुखी: परस्पर संमतीच्या घटस्फोटातले आमचे सात महिने

१७ जून २०२५ ला आमचा घटस्फोट झाला. ऑगस्ट २०२३ पासून आम्ही वेगळे राहत होतो. अर्ज दाखल केला १२ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे अर्जापासून निकालापर्यंत सात महिने पाच दिवस. अर्ज कसा करायचा, कागद कुठले लागतात, हे नेटवर भरपूर सापडतं. पण त्या काळात घरातल्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, मुलांना सांगायचं काय आणि स्वतःचा संताप ठेवायचा कुठे, याबद्दल मराठीत मला फारसं काही मिळालं नाही. म्हणून हे लिहितोय. कोर्टाचं आणि घरातलं वेगळं करून लिहीत नाही, कारण आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती, धाकटा सहा. मुलं आठवडाभर त्यांच्या आईकडे असायची. शनिवारी सकाळी अकराला मी आणायला जायचो, रविवारी संध्याकाळी परत सोडायचो. माझ्याकडे माझी आई असते. शनिवार उजाडला की धाकट्याचं पोट दुखायचं. जंताचं औषध झालं, लघवी तपासली, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. मला वाटायचं, मुलांची आई शुक्रवारी बाहेरचं खायला घालते. तिला वाटायचं, माझ्याकडे त्याची आबाळ होते. पोटावरूनही आम्ही भांडलो.

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही एका खासगी समुपदेशकाकडे दोनदा गेलो होतो. चाळीस मिनिटांचे दीड हजार रुपये. त्यांनी दोन्ही वेळेला एकच सांगितलं, मुलांसाठी पुन्हा एकत्र या. मुलांचं नेमकं काय चाललंय हे एकदाही विचारलं नाही. तिथून बाहेर पडल्यावर दोघांचंही मत झालं की समुपदेशन म्हणजे हेच, परत नको. त्यात आमचे दोन महिने गेले. तुमचा पहिला अनुभव असा आला तर माणूस बदला, रस्ता सोडू नका.

मग वकील. संमतीचा अर्ज असल्यामुळे दोघांत एकच वकील चालले, फी ४०,००० रुपये, निम्मी निम्मी. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जरूर विचारावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आम्हाला लागलेले कागद: विवाह नोंदणीचा दाखला, लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांचं आधार, सध्याच्या पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि मुलांचे जन्मदाखले. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढून ठेवा, ऐनवेळी एक कमी पडतेच.

लग्नाच्या फोटोशी मी अडखळलो. अल्बम माझ्याकडे, माळ्यावर. रविवारी दुपारी मुलं झोपली आहेत असं समजून मी तो खाली काढला. कुठला फोटो द्यायचा? सप्तपदीचा दिला तर तो कोर्टाच्या फाइलमध्ये पंच होऊन बसणार. मी पानं उलटत असताना थोरली दारात येऊन उभी राहिली. “फोटो कशाला हवाय बाबा?” मी म्हटलं, “काही नाही गं, ऑफिसचं काम आहे.” तिने माझ्याकडे पाहिलं, अल्बमकडे पाहिलं आणि पाणी पिऊन परत गेली. अकरा वर्षांच्या मुलीला आपण काय सांगतोय हे बोलतानाच मला कळलं होतं. तरी मी तेच सांगितलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब, जे १९७६ च्या दुरुस्तीने आलं, त्याखाली हा अर्ज होतो. किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन होकार सांगायचा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात. पण त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्ष विभक्त राहिलेलं असणं ही एक अट होती. आमचे पंधरा महिने झाले होते. वकील म्हणाले, त्या नादाला लागू नका. तेव्हा मला ते सहा महिने शिक्षेसारखे वाटले.

पहिल्या तारखेला साडेदहाला पोचलो. बाकावर एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये फाइल. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला बरोबर ठेवा, पुकारा कधी होईल सांगता येत नाही. आमचा झाला पाऊण वाजता. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात आधी समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयावर बंधनकारक आहे, त्यामुळे आम्हाला विवाह समुपदेशकांकडे पाठवलं. त्याचे पैसे लागत नाहीत. तिथे बोललेलं गोपनीय राहतं, समुपदेशक साक्षीला उभे राहत नाहीत, हे मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं.

पुन्हा प्रयत्न करायचाय का, असं त्यांनी दोघांना वेगवेगळं विचारलं आणि एकत्र बसवूनही विचारलं. दोघांचंही नाही होतं. त्यावर त्यांनी जास्त ताणलं नाही. पेन खाली ठेवून म्हणाल्या, “मुलांना काय सांगितलंय?”

आम्ही गप्प. मग मी म्हटलं, “अजून काही नाही. लहान आहेत.”

“पंधरा महिने बाबा घरात नाहीत. मुलांनी त्याचा काय अर्थ लावला असेल?”

मग पोटदुखीचा विषय निघाला. मॅडमनी मुलाबद्दल विचारायचं सोडून मला विचारलं, “तुम्हाला शनिवारी सकाळी काय वाटतं?”

“राग.”

“आणखी?”

“रागच.”

“राग सोडून दुसरा शब्द सांगा.”

मला सांगता आला नाही. चाळिशीचा माणूस, मराठी माध्यमात शिकलेला, दिवसभर लोकांशी बोलायचं काम करणारा. माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, “धास्ती.” तिला शनिवारची धास्ती वाटते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तिला शनिवारी सुटका मिळते.

मॅडमनी आम्हाला मुलं आणि पालक अशा दोघांबरोबर काम करणाऱ्या एका ताईंकडे जायला सुचवलं. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही ही सोय बघा, असंही त्या म्हणाल्या, पण आमची शनिवारची वेळ जुळेना. ताईंची फी तासाला १,२०० रुपये. निकालापर्यंत अकरा बैठका झाल्या, म्हणजे १३,२०० रुपये, तेही निम्मे निम्मे. रात्री अपरात्री अगदीच असह्य झालं तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं. मी दोनदा फोन केला आहे.

पहिल्या तीन बैठका फक्त मोठ्यांच्या. गृहपाठ होता वहीचा: रोज रात्री त्या दिवसाचा एक शब्द लिहायचा, “राग” लिहायचा नाही. पहिले चार दिवस माझी पानं कोरी. पाचव्या दिवशी मी “चडफड” लिहिलं. ऑफिसमधून धाकट्याच्या शाळेच्या कार्यक्रमाला वेळेत पोचता आलं नव्हतं आणि कोणावर चिडायचं ते कळत नव्हतं. मग एकेक येऊ लागले. पालकसभेत तिच्याशेजारची खुर्ची रिकामी असून मी मागे बसलो, त्या दिवशी “ओशाळलो”. रविवारी मुलांना सोडून गाडी वळवताना “हुरहूर”. मुलं तिच्या नव्या घराच्या गच्चीबद्दल भरभरून बोलली तेव्हा “हेवा”. हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत! घालमेल वेगळी, तगमग वेगळी, खंत वेगळी. आजी-आत्या ते सहज वापरायच्या आणि आपण सगळ्यावर “टेन्शन” हा एकच शिक्का मारून मोकळे होतो. नेमका शब्द सापडला की पुढे काय करायचं ते थोडं सुचतं. चडफड झाली असेल तर ऑफिसात रजेचं बोलायचं. हेवा वाटला तर गच्चीला नावं न ठेवता ऐकून घ्यायचं.

दुसरा धडा शरीराचा. मला संताप येण्याआधी कानाच्या पाळ्या गरम होतात, हे मला ताईंनी विचारल्यावरच समजलं. त्यांनी जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या कामाबद्दल सांगितलं. जोडप्यांना प्रयोगशाळेत वाद घालायला बसवून ते त्यांच्या हृदयाचे ठोके मोजत. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणून आमचा नियम ठरला: ज्याचे कान तापले त्याने “वीस मिनिटं” एवढंच म्हणायचं आणि वीस मिनिटांनी स्वतःहून परत यायचं. परत येणं महत्त्वाचं. माझी जुनी सवय दार आपटून निघून जायची होती, आणि ती बाहेरून अगदी या नियमासारखीच दिसते.

मुलांना सांगायचा दिवस ठरला शनिवार, १४ डिसेंबर. तिच्या घरी, दोघांनी मिळून, सतरंजीवर बसून. पाच वाक्यं आम्ही कागदावर लिहून ताईंसमोर म्हणून पाहिली होती. ती अशी: “आई आणि बाबा आता नवरा-बायको म्हणून एकत्र राहणार नाहीत. हे आम्ही मोठ्यांनी ठरवलंय. तुमच्यामुळे झालेलं नाही आणि तुम्ही काही करून ते बदलणार नाही. शाळा, घर, मित्र तेच राहतील, शनिवार-रविवार बाबांकडे हेही तसंच राहील. आम्ही दोघं तुमचे आईबाबा आहोत, ते कधीच संपत नाही.” कोणाची चूक, का, कधीपासून, यातलं काहीही त्यात नव्हतं. तिसरं वाक्य मला अनावश्यक वाटत होतं. ताई म्हणाल्या होत्या, लहान मुलं घरातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण स्वतःत शोधतात, ते एकदा सांगून पुरत नाही.

आम्ही वाक्यं म्हटली. धाकटा सतरंजीचा दोरा ओढत होता. म्हणाला, “मी दूध सांडलं म्हणून नाही?”

आम्हाला आधी कळेचना. मग तिला आठवलं. ऑगस्ट २०२३ मधल्या त्या रात्री जेवताना त्याच्या हातून दुधाचा पेला पडला होता. त्यावरून आवाज चढले, आणि सकाळी तो उठला तेव्हा मी घरात नव्हतो. सोळा महिने ते मूल ते दूध घेऊन फिरत होतं. तिने त्याला मांडीवर घेतलं. मी तिसरं वाक्य पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. पुढचे कित्येक आठवडे ते आम्ही आलटून पालटून म्हणत होतो, आंघोळ घालताना, स्कूटरवर, कुठेही.

थोरली एवढंच म्हणाली, “मला माहीत होतं. फोटो.” आणि आत गेली.

सुट्टी संपल्यावर दोघांच्या वर्गशिक्षिकांना आम्ही एकत्र भेटून कल्पना दिली. दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका. शाळेच्या नोंदीत दोघांचेही फोन नंबर आहेत ना, तेही त्याच वेळी तपासून घ्या.

जानेवारीत मुलांच्या बैठका सुरू झाल्या. ताईंनी मोठ्या कागदावर दोन गोल काढले, एक “माझ्या हातात आहे” आणि दुसरा “माझ्या हातात नाही”. अमेरिकेत रोचेस्टर इथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जोॲन पेड्रो-कॅरोल यांनी आईवडील वेगळे झालेल्या मुलांसाठी शाळेतच गट चालवायला सुरुवात केली. भावना ओळखणं, आपण सोडवू शकतो ते प्रश्न आणि आपण सोडवू शकत नाही ते प्रश्न यांत फरक करणं, हे त्यात शिकवतात. आमच्या कागदावर धाकट्याने “आईबाबांचं भांडण” हे “हातात नाही” मध्ये टाकलं, “शनिवारी कुठलं खेळणं न्यायचं” हे “हातात आहे” मध्ये. थोरलीने एक चिठ्ठी बराच वेळ हातातच धरली. ताईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, “आई सांगते बाबांना विचार फी भरली का. बाबा म्हणतात आईला सांग पुढच्या आठवड्यात. हे कुठल्या गोलात?”

ताई काहीच बोलल्या नाहीत, फक्त आमच्याकडे पाहिलं. आम्हाला ते निरोप बिनमहत्त्वाचे वाटत होते. तिला दर वेळी कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते सांभाळावं लागत होतं. त्या दिवसापासून मुलांबरोबर निरोप बंद.

मग आम्हाला एकमेकांना संदेश लिहायला शिकावं लागलं. बिल एडी नावाचे अमेरिकेतले वकील आणि थेरपिस्ट आहेत, त्यांची पद्धत ताईंनी दिली: थोडक्यात, माहितीपुरतं, सौजन्याने आणि ठाम. माझा जुना संदेश असा होता: “दर वेळी शेवटच्या क्षणी सांगतेस, माझ्या वेळेला काही किंमत आहे का नाही?” नवा: “शनिवारी डॉक्टरांची वेळ आहे हे कळलं. मी अकराऐवजी साडेबाराला येतो. जमेल का ते शुक्रवारी आठपर्यंत कळव.” सुरुवातीला पाठवण्याआधी मी मोठ्याने वाचून बघायचो. मुलांनी वाचला तर चालेल का, ही चाळणी पुरायची.

इथवर वाचून वाटेल की सगळं मार्गी लागलं होतं. १५ फेब्रुवारीच्या शनिवारी मी दारातच तिच्यावर ओरडलो. विषय सहलीच्या पैशांचा होता. कान तापलेले कळत होते, “वीस मिनिटं” हे शब्द तोंडात होते, तरी मी बोलत राहिलो. मुलांना सोपवण्याची वेळ दोन मिनिटांची ठेवायची आणि तेव्हा पैशांचा विषय काढायचा नाही, असं ठरलेलं होतं. तेही मोडलं. थोरली बॅग घेऊन जिन्यात उभी होती. तिने बॅग खाली ठेवली आणि घरात गेली. त्या दिवशी ती आली नाही, पुढचे दोन शनिवारही नाही. तिची आई तिला पाठवत नाही, असं माझ्या मनाने लगेच ठरवून टाकलं. वहीत मात्र मी “लाज” लिहिलं.

ताईंनी माफीची एकच अट घातली, त्यात “पण” येता कामा नये. मी चिठ्ठी लिहिली. “त्या शनिवारी मी दारात ओरडलो. तू ते ऐकलंस. चूक माझी होती. तुला यायचं नसेल तर मी रागावणार नाही. मी शनिवारी अकराला खाली असेन.” पहिल्या कच्च्या मसुद्यात तीन “पण” होते. ८ मार्चला ती खाली आली. गाडीत काही बोलली नाही. घरी पोचल्यावर म्हणाली, “बाबा, तुम्ही ओरडता तेव्हा माझ्या कानात शिट्टी वाजते.” मी म्हटलं, “आता वाजली की मला सांग.” आत्तापर्यंत दोनदा सांगितलंय.

सगळ्यात जास्त अडलं ते माझ्या आईपाशी. धाकट्याला भरवताना ती सहज बोलून जायची, “तुझ्या आईला माणसं नकोच होती घरात.” तो जेवायचा थांबायचा. मी आईला दोनदा झापलं, त्यावर ती देवघरात जाऊन बसली. एप्रिलमध्ये मी तिला ताईंकडे नेलं. तिथेही मी तिला वहीचे शब्द शिकवायला निघालो होतो. ताईंनी मला बाहेर बसवलं. नंतर आईच्या परवानगीने सांगितलं, की ती म्हणाली, “लग्नाकार्यात लोक विचारतात, सून दिसत नाही. नातवंडं पाहुण्यासारखी येतात. घर पोरकं झालंय माझं.” या दीड-पावणेदोन वर्षांत तिला कसं वाटतंय हे तिला कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

तिला दोन कामं मिळाली. मनातलं बोलायला दर मंगळवारी दुपारी माझ्या मावशीला फोन करायचा, मुलं नसताना. आणि मुलं निघताना त्यांच्या आईबद्दल एक बरं वाक्य बोलायचं. त्याला ती तयार होईना. कौतुक जमणार नाही, म्हणाली, खोटं बोलू का? शेवटी “आईला सांग, आजीने विचारलंय” एवढ्यावर ठरलं. पहिल्या रविवारी ती ते भिंतीकडे बघत म्हणाली. निरोप बंद केले होते, पण या एका निरोपाला ताईंनी सूट दिली. धाकट्याने तो घरी जाऊन इमानाने सांगितला आणि पुढच्या शनिवारी उत्तर घेऊन आला: “आई म्हणाली, गुडघा कसा आहे विचार.”

याच सुमारास अटींचा मसुदा पुन्हा काढला. पहिल्या अर्जात “मुलांचा ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क” एवढंच मोघम होतं. मोघम ठेवलं की प्रत्येक सण भांडणाचा होतो. विधी आयोगाचा २५७ वा अहवाल (२०१५) ताबा आणि संयुक्त पालकत्वावर आहे. त्या शिफारशी आहेत, कायदा नव्हे, पण त्यातून काय काय लिहून ठेवावं हे कळतं. आम्ही लिहिलं: सोपवण्याची वेळ आणि जागा, रोज रात्री आठचा व्हिडिओ कॉल, उन्हाळ्याची सुट्टी निम्मी निम्मी, दिवाळीचा पाडवा आणि भाऊबीज आलटून पालटून, आजारपण आणि शाळेची माहिती दोघांना त्याच दिवशी, मोठा खर्च आधी लेखी विचारून. वकिलांनी ते पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, करून दुसऱ्या तारखेला जोडलं. मुलांना “तुला कोणाकडे राहायचंय” असं आम्ही कधीच विचारलं नाही. आठवड्यातला एक दिवस कमी-जास्त करण्याबद्दल मात्र थोरलीचं मत घेतलं आणि मान्यही केलं. आता बुधवारी चित्रकलेच्या क्लासनंतर ती माझ्याकडे जेवते.

एक गोष्ट लिहायला जड जाते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा तसा निकाल आहे. एप्रिलच्या शेवटी माझ्या मनात आलं, घेऊ का मागे? मला संसार परत नको होता, तिला अडकवायचं होतं. हे मी वकिलांशी न बोलता ताईंशी बोललो. त्यांनी उपदेश केला नाही. वही मागितली, आधीच्या पंधरा दिवसांची पानं माझ्याकडूनच वाचून घेतली. “हेवा” सहा वेळा होता. तिला बढती मिळाली होती आणि मुलांनी मला ती बातमी आनंदाने सांगितली होती. माझं मागे घेणं कुठून आलं ते मला तिथे बसूनच दिसलं. ते सहा महिने मिळाले नसते तर मी आणखी काय काय करून बसलो असतो, असं आता वाटतं.

सहा महिने १२ मे ला पुरे होत होते, पण कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. तारीख मिळाली १७ जून. बोर्डावर चौतिसावा नंबर, पुकारा दुपारी पावणेतीनला. न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, स्वखुशीने आलात का, कोणाचा दबाव आहे का, अटी मान्य आहेत का. मुलांचं कसं ठरलंय ते विचारून कागद वर-खाली पाहिले. आठ-दहा मिनिटं लागली असतील. जिना उतरताना माझे पाय जड झाले होते. खाली आल्यावर ती म्हणाली, “शनिवारी त्याचा रेनकोट पाठवते.” मी म्हटलं, “पाठव.” संध्याकाळी आठच्या कॉलवर दोघांनी मिळून मुलांना सांगितलं, आज कोर्टाचं काम संपलं, शनिवार तसाच आहे.

निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी त्याच आठवड्यात अर्ज केला, ११ जुलैला मिळाली. निदान तीन प्रती एकदमच मागा. बँक, पासपोर्ट, शाळा, सगळीकडे लागते आणि पुन्हा अर्ज करायला पुन्हा रजा पडते.

पोटदुखी गेली का, असं अनेकांनी विचारलं. जूनमध्ये दोनदा दुखलं, जुलैत एकदा. मागच्या शनिवारी अकराला मी दारात उभा असताना तो पोटावर हात ठेवून म्हणाला, “दुखत नाहीये. हुलहूल होतेय.” त्याच्या आईने त्याच्या बुटाची नाडी बांधली. मी म्हटलं, मलाही होते. मग आम्ही निघालो. ताईंच्या पुढच्या बैठकीला माझी आई स्वतःहून येणार म्हणाली आहे.